पाहुणा कसा हवा, ते आपण ठरवूया

गागोद्याच्या माझ्या गावकऱ्यांनो, वाड्यांवरच्या भावाबहिणींनो, आणि पोटापाण्यासाठी पेण-पनवेल-मुंबईला राहून गणपतीला घरी येणाऱ्या मंडळींनो,

2 ऑक्टोबरची ग्रामसभा जवळ आली आहे. गावात येणाऱ्या पर्यटकांचा विषय या सभेत घ्यावा, असा अर्ज मी दिला आहे. तुम्ही सगळ्यांनी त्या दिवशी यावं आणि या विषयावर मनात जे आहे ते बोलावं, एवढ्यासाठी हे लिहिते आहे. मी इथे लग्न होऊन आले त्याला 35 वर्षं झाली. त्यातली बरीचशी अंगणवाडीत गेली, तेव्हा तुमच्यातल्या निम्म्या जणांना मी नाक पुसण्यापासून ओळखते. त्या हक्काने लिहिते.

जुलैतली गोष्ट सांगते. आमच्या ओढ्याकाठच्या खाचरात लावणी चालू होती. माझी जाऊ रोपांची मूठ डाव्या हातात धरून लावत लावत मागे सरकत होती. एकदम ‘आई गं’ म्हणून ती बांधावर बसली. पाय चिखलातून वर काढला तर टाचेत बाटलीची काच, हिरवी, बोटाएवढी. आदल्या रविवारी चार गाड्या आल्या होत्या. ओढ्यात भिजणं झालं, गाणी झाली, जाताना बाटल्या दगडावर फुटल्या आणि तुकडे पाण्याबरोबर खाचरात उतरले. जावेला टाके पडले. पंधरा दिवस तिला चिखलात पाय घालता आला नाही. लावणीतले पंधरा दिवस म्हणजे काय, हे तुम्हाला मी सांगायला नको.

त्याच आठवड्यात वर्ध्याकडचं एक म्हातारं जोडपं आलं. विनोबांचं घर कुठे म्हणून विचारत आमच्या दारात उभे राहिले. भर पाऊस होता, म्हणून ओटीवर बसवलं, चहा दिला. आजोबांनी पिशवीतून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली छोटीशी गीताई काढली आणि दोघांनी मिळून हळू आवाजात एक अध्याय म्हटला. आमची नातवंडं दाराआडून बघत होती. निघताना आजींचं लक्ष जावेच्या पायाकडे गेलं. खाली बसून त्यांनी सैल झालेली पट्टी सोडली आणि नीट बांधून दिली.

काच टाकून गेले ते पर्यटक आणि पट्टी बांधून गेले तेही पर्यटक. सरकारी कागदावर दोघांना शब्द एकच आहे. आपल्या मनात मात्र दोघांसाठी दोन जागा आहेत, आणि तो फरक आपल्याला आजवर कुणी विचारलेला नाही. खरं तर आपण एकमेकांनाही विचारलेला नाही.

गेले दोन महिने मी विचारत फिरते आहे. नाक्यावर चहा-भजी विकणारा पोरगा म्हणाला, “काकी, शनिवार-रविवार आहेत म्हणून माझं घर चालतं, तुम्ही हे बंद करू नका.” बचत गटातल्या बायका म्हणाल्या की पापड, पोहे, कोकम न्यायला गाड्या थांबतात, ते बरं आहे, पण ओढ्यावर कपडे धुवायला जायची रविवारी सोय राहिलेली नाही. पाण्यात बसलेले पुरुष उठत नाहीत आणि वर मोबाइल धरतात. म्हातारी माणसं रात्री वाजणाऱ्या गाण्यांनी कावली आहेत. वाडीवरची एक बाई म्हणाली, “आमच्या पोरांचे फोटो काढतात. का काढतात ते सांगत नाहीत.” आणि माझा स्वतःचा पुतण्या म्हणतो, पोपटीच्या दिवसांत शहरातली माणसं बोलावू, वालाच्या शेंगा आपल्या, भांबुर्डा बांधावरचा फुकटचा, मडकं आपलं, पैसे रोख. मला त्याचंही पटतं. ओढ्यावरच्या बायकांचंही पटतं. ही माणसं एकमेकांच्या विरोधात नाहीत. फक्त त्यांचं बोलणं एका जागी बसून कधी झालेलं नाही.

आपलं गाव जगाच्या नकाशावर आहे ते एका माणसामुळे. 11 सप्टेंबर 1895 ला विनायक नरहर भावे, म्हणजे आपले विनोबा, इथे जन्मले. लहानपणाची पहिली वर्षं त्यांनी या मातीत, आजोबांच्या घरात काढली, मग बडोद्याला गेले. 18 एप्रिल 1951 ला तेलंगणातल्या पोचमपल्लीला भूदान सुरू झालं आणि पुढे तेरा वर्षं हा माणूस जमीन मागत देशभर पायी चालला. त्यांच्या लहानपणची एक आठवण मला फार जवळची वाटते. घरचा फणस पिकला की आई रुक्मिणीबाई आधी गऱ्यांचे वाटे शेजाऱ्यांसाठी काढायच्या, लहान विन्याला घरोघर पाठवायच्या, आणि मगच घरच्यांच्या पानात गरे पडायचे.

आपल्या गावची वृत्ती तीच आहे. दारात आलेल्याला पाणी न देता आपण कुणाला परत पाठवलेलं नाही. पण त्या गोष्टीतली एक बाजू विसरू नका. फणस कधी उतरवायचा, कुणी फोडायचा, कुणाच्या घरी किती गरे द्यायचे, हे त्या माउलीने ठरवलं होतं. कुणी कुंपणावरून उडी मारून कच्चा फणस तोडून नेला तर त्याला दान म्हणत नाहीत.

आता घाई का, असं काही जण विचारतात. 12 जानेवारी 2024 ला अटल सेतूचं उद्घाटन झालं आणि मुंबई आपल्या दाराशी आली. जमिनीचे दलाल आपल्या पायवाटा आपल्यापेक्षा जास्त तुडवू लागले आहेत. अलिबागच्या किनाऱ्यावर काय झालं ते आपल्या सोयऱ्याधायऱ्यांना विचारा. आगरं गेली, वाड्या गेल्या, उंच गडगे आले. ज्यांच्या नावावर सातबारा होता त्यांतल्या कित्येकांची मुलं आज त्याच जागेच्या फाटकावर राखणदार आहेत. पगार वेळेवर मिळतो, ते नाकारत नाही. पण समुद्राकडे जायची जुनी वाट विचारावी लागते, तेव्हा त्या माणसाला काय वाटत असेल याचा विचार मी रात्री करते. (आपल्याकडे कुणी वहिवाटीची वाट अडवली तर गप्प बसू नका. मामलेदार न्यायालय अधिनियम 1906 खाली तहसीलदाराकडे अर्ज करता येतो. वेळ गेली की काम अवघड होतं, म्हणून अर्ज लगेच करायचा.)

2024 च्या जुलैमध्ये स्पेनमधल्या बार्सिलोना शहरात लोकांनी मोर्चा काढला आणि हॉटेलात बसलेल्या पर्यटकांवर पिचकाऱ्यांनी पाणी मारलं. मोबाइलवर ते बघून माझी नातवंडं हसली. मला हसू आलं नाही. घराची भाडी परवडेनाशी झाली, आपलं गाव आपलं राहिलं नाही, असं ती माणसं सांगत होती. पाहुण्याच्या अंगावर पाणी मारायची पाळी यायच्या फार आधी बोलायला हवं होतं. आपल्या हातात तो वेळ अजून आहे.

आणि चांगलंही घडतं, तेही लांब नाही. रत्नागिरी जिल्ह्यात मंडणगड तालुक्यातलं वेळास पाहा. नाना फडणवीसांचं मूळ गाव, एवढीच पूर्वी त्याची ओळख. तिथे समुद्री कासवांची अंडी राखायचं काम सुरू झालं, आणि आता पिल्लं समुद्रात जाताना बघायला माणसं येतात. ती गावकऱ्यांच्या घरात उतरतात, घरातलंच जेवतात, किनाऱ्यावर सांगितलं तसं वागतात. पैसा घरातल्या बाईच्या हातात पडतो. पाचगणीजवळचं भिलार मे 2017 मध्ये पुस्तकांचं गाव झालं. तिथे लोकांनी आपल्या घरांच्या खोल्या पुस्तकांसाठी उघडल्या. येणारा माणूस वाचायला येतो, म्हणजे आवाज आपोआप खाली येतो. धुळ्याच्या तुरुंगात 1932 साली दिलेली आणि साने गुरुजींनी उतरवून घेतलेली गीतेवरची प्रवचनं ज्याची, त्याच्या जन्मगावात आपल्याला असं काही सुचू नये? मी सुचवते आहे, ठरवत नाही. मला वाटतं म्हणून ते व्हावं, असं मला मुळीच नको आहे.

आपल्या पेण तालुक्याला ‘आम्हाला विचारा’ म्हणण्याची सवय आहे. 21 सप्टेंबर 2008 आठवतो का? महामुंबई सेझसाठी जमिनी जाणार होत्या. हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातल्या 22 गावांत सरकारला जनमत घ्यावं लागलं. माणसं रांगा लावून आली आणि जमीन द्यायची नाही म्हणून सांगून गेली. तो सेझ झाला नाही. एवढ्या मोठ्या प्रकल्पापुढे जे बोलता आलं, ते ओढ्यावरच्या चार गाड्यांपुढे का बोलता येऊ नये?

ग्रामसभेबद्दल एक गोष्ट नीट लक्षात घ्या. सभेला मतदारांपैकी 15 टक्के किंवा 100 माणसं, यांतली जी संख्या कमी असेल तेवढी लागतात. तेवढी आली नाहीत तर सभा तहकूब होते, आणि तहकूब झालेली सभा पुन्हा भरते तेव्हा संख्येची अट राहत नाही. मग पाच-सात माणसं बसून जे लिहितील ते गावाचं म्हणणं ठरतं. घरी बसून नंतर कुरकुरण्यात काही अर्थ नाही. महिलांची सभा आधी घ्यावी असं कायदाच सांगतो. बायांनो, ओढ्याचं तिथेच मांडा. पुरुषांसमोर जे तोंडातून निघत नाही ते तिथे निघेल, आणि ठराव म्हणून पुढे जाईल.

काय बोलायचं, हे ज्याचं त्याने ठरवावं. मी स्वतः विचारणार आहे की लावणीच्या दिवसांत ओढ्यापर्यंत गाड्या येऊ द्यायच्या का. गाड्या शाळेजवळ उभ्या करून घेतल्या आणि त्याची पावती फाडली तर तो पैसा कचरा उचलायला वापरता येईल का. दारू आणि काच गावाच्या हद्दीत नको, असा फलक लावायचा का, आणि लावला तर रविवारी त्याच्याखाली उभं कोण राहणार. कुणी बुडालं तर पाण्यात उडी घेतो तो आपलाच पोरगा असतो. त्या पोरांना दोर आणि लाइफ जॅकेट कोण देणार, तेही विचारणार आहे. दर पावसाळ्यात जिल्हा प्रशासन कित्येक धबधब्यांवर बंदी घालतं, पण बंदीचा कागद कुणाला पाण्यातून ओढून काढत नाही.

गडचिरोलीत मेंढा-लेखा गाव आहे. तिथे निर्णय बहुमताने घेत नाहीत. एकाचंही मन अडलं तर पुन्हा बसतात. विनोबांना ग्रामदानातून हेच हवं होतं. आपलंही एका सभेत जमणार नाही. भजीवाल्या पोराचं आणि ओढ्यावरच्या बायकांचं एकमत व्हायला चार बैठका लागतील. लागू देत.

मुंबईकरांनो, तुम्ही येताना मित्रांना घेऊन येता. त्यांना गाव दाखवणारे तुम्ही आहात, म्हणून आधी तुम्ही या. सुट्टीचा दिवस आहे, सकाळची गाडी पकडा.

आणि वाडीवरच्या माझ्या माणसांनो, सर्वांत जास्त हे तुमच्यासाठी लिहिलं आहे. दिवाळी झाली की तुम्ही वीटभट्ट्यांवर जाता. 26 जानेवारीच्या सभेला तुमची घरं बंद असतात आणि 1 मे ला कित्येकदा तुम्ही परतलेले नसता. 2 ऑक्टोबर हाच तुमचा दिवस आहे. तुमच्या पोरांचे फोटो, तुमच्या करवंदांचा आणि शेवळांचा भाव, तुमच्या घरांवरून जाणारी गाड्यांची वाट, यांवर तुमच्याशिवाय दुसरं कुणी बोलू नये. मी 1 ऑक्टोबरला संध्याकाळी वाडीवर येते आहे. सगळ्यांना निरोप घरोघर देईन. बोलायला संकोच वाटत असेल तर शाळेतल्या पोरांकडून कागदावर लिहून ठेवा. सभेत मी शेजारी बसेन, आणि तुमचा कागद तुमच्याच नावाने वाचला जाईल.

आपली,
गागोद्यातली एक शेतकरीण