वाटेवरचें रेणापूर

लातूरहून अंबेजोगाईस जाणारे यात्रेकरू रेणापुरास सहसा उतरत नाहींत. पुढें योगेश्वरीचें दर्शन, मुकुंदराज आणि दासोपंत यांच्या समाधि, शिवाय अंधार पडण्यापूर्वीं परत यावयाचें. मग मध्येंच थांबतो कोण? आम्हींहि अनेक वर्षें गाडीच्या खिडकींतूनच हात जोडले. या खेपेस मात्र कुटुंबानें उतरावयाचें ठरविलें, आणि घरांतील शेवटचा शब्द कोणाचा, हें आमच्या विवाहित वाचकांस सांगणें नलगे.

कारण असें कीं, रेणुका ही आमची कुलस्वामिनी. साडेतीन पीठांतलें तिचें पीठ माहूरगडावर. पण कुटुंबाच्या गुडघ्यांस आतां तेथल्या पायऱ्या झेपत नाहींत. रेणापूरची रेणुका सपाटीवर, लातुरापासून सुमारें 20 किलोमीटरांवर. येथली रेणा नदी पुढें मांजरेस मिळते. नदी म्हणावयाची ती मुख्यत्वें पावसाळ्यांत. 2016 सालीं लातुरास मिरजेहून आगगाडीनें पाणी आणावें लागलें, त्या मुलखांतील ती आहे. रेणु म्हणजे धूळ, वाळूचा कण. रेणुकामाता रोज नदीकांठच्या वाळूचा घट घडवून त्यांतून पाणी आणी, अशी लोककथा आहे. ती या कोरड्या मुलखांत अधिकच पटते.

देवळांत गर्दी नव्हती. दर्शन घेऊन टेकलों आणि आम्ही जुन्या सवयीनें महाभारतांतील कथा सांगूं लागलों. जमदग्नींनीं कोपून पुत्रांस मातेच्या वधाची आज्ञा केली. थोरल्या चौघांनीं ती पाळली नाहीं, म्हणून त्यांस शाप मिळाला. धाकट्या परशुरामानें पाळली, आणि प्रसन्न झालेल्या पित्याकडे पहिल्यानें मागितलें तें हें, कीं आई उठावी व तिला त्या वधाची आठवण राहूं नये. ही कथा आम्हीं वर्गांत पित्राज्ञेचा आदर्श म्हणून शिकवीत आलों.

कुटुंबानें विचारलें, "अहो, त्या चौघांचीं नांवें शिकवलींत का कधीं मुलांना?"

रुमण्वान्, सुषेण, वसु, विश्वावसु. आम्हांस तीं मुखोद्गत. परीक्षेस मात्र कधीं घातलीं नाहींत.

"आईवर हात न उचलणारे तेच ना? आणि शाप त्यांनाच!"

धाकट्यानें वर मागून भावांसहि पूर्ववत् केलें, असें आम्हीं सांगितलें. त्यावर ती हळूच म्हणाली, "आपल्या थोरल्यासाठीं कोण मागणार वर?"

थोरल्यानें आमच्या इच्छेविरुद्ध लग्न केलें, त्यास 12 वर्षें झालीं. पुन्हां या घराचा उंबरा ओलांडूं नको, असें आम्हीं त्यास सांगितलें होतें. तेवढी आज्ञा त्यानें अक्षरशः पाळली.

बाहेर आलों तों अंबेजोगाईची गाडी निघून गेली होती. ज्यांस सवड असेल त्यांनीं याच तालुक्यांतील पानगांवास जाऊन तेथील जुनें, कोरीव शिल्पांचें विठ्ठलमंदिर अवश्य पाहावें. तेवढी वाकडी वाट करण्याजोगें तें आहे. आम्ही मात्र त्या दिवशीं पानगांवास गेलों नाहीं, कीं योगेश्वरीसहि नाहीं. लातूरची गाडी आधीं आली, तींतच बसलों.

थोरल्याचें बिऱ्हाड लातुरासच आहे.