तोंडी शब्दावर घेतलेले सरकारी काम

जालना जिल्ह्यात गेल्या काही वर्षांत बांधकामाची कामे वाढली. समृद्धी महामार्ग बदनापूर व जालना तालुक्यांतून गेला, गावोगावी जलजीवन मिशनच्या टाक्या आणि पाइपलाइनची कामे निघाली. अशा कामांचे टेंडर मोठ्या कंत्राटदाराच्या नावाने सुटते. खोदकाम, सेंट्रिंग, वीटकाम, मुरमाची वाहतूक मात्र आपल्यातले पोटठेकेदार करतात. दर टपरीवर ठरतो, हिशेब खिशातल्या डायरीत राहतो आणि "बिल निघाले की देतो" एवढ्या शब्दावर घरचे पैसे कामात घातले जातात.

याचा परिणाम काय होतो, ते जुलै २०२५ मध्ये सांगली जिल्ह्यात दिसले. जलजीवनचे काम केलेल्या एका तरुण ठेकेदाराने आत्महत्या केली. सुमारे १ कोटी ४० लाख रुपये अडकल्याचे सांगण्यात आले. त्याच्या नावाने काम दिलेलेच नव्हते, तो पोटठेकेदार असावा, असा खुलासा शासनाकडून झाला. कागदापुरते हे उत्तर बरोबर असेलही. पण त्यानेच पोटठेकेदाराची खरी स्थिती उघड केली: घाम त्याचा, पण सरकारदरबारी त्याचे नाव नाही. लेखी परवानगीशिवाय पोटठेका देण्यास सरकारी करारांत सहसा मनाई असते, म्हणून मुख्य कंत्राटदारही त्याचे नाव कागदावर येऊ देत नाही.

तोंडी करार कायद्याने बाद ठरत नाही. भारतीय करार कायदा १८७२ च्या कलम ७० नुसार, फुकट करण्याचा हेतू नसताना केलेल्या कामाचा लाभ ज्याने घेतला, त्याला मोबदला द्यावा लागतो. अडचण पुराव्याची आहे. काम किती झाले, दर काय ठरला, हे कोर्टात सिद्ध कसे करणार?

लघुउद्योगांच्या २००६ च्या कायद्यात ४५ दिवसांत पैसे देण्याची सक्ती आणि उशीर झाल्यास चक्रवाढ व्याज आहे. पण माल व मजुरी मिळून घेतलेल्या बांधकाम ठेक्याला हा कायदा लागू नाही, असे निर्णय मुंबई उच्च न्यायालयाने दिले आहेत. विटा किंवा पेव्हर ब्लॉक स्वतः तयार करून पुरवणाऱ्याने मात्र उद्यम नोंदणी करून घ्यावी. त्याला याचा उपयोग होतो.

स्वतःच्या नावाने टेंडर भरणाऱ्यांनीही करार वाचावा. बी-१ करारनाम्याच्या कलम ३० मध्ये अधीक्षक अभियंत्याचा निर्णय अंतिम म्हटला आहे. अनेकजण त्याला लवादाचे कलम समजत. ते तसे नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये स्पष्ट केले. म्हणजे वाद झाल्यास वाट दिवाणी कोर्टाची. शासनावर दाव्यापूर्वी दोन महिन्यांची नोटीस द्यावी लागते आणि केलेल्या कामाच्या पैशांसाठी मुदत तीन वर्षांची असते. नुसते अर्ज देत राहिल्याने ती वाढत नाही. भागीदारी फर्म नोंदलेली नसेल, तर करारावरचा दावाच अडतो.

आपल्याकडे लेखी मागणे म्हणजे अविश्वास दाखवणे, असे मानतात. दिव्य कुरआनातील सर्वांत मोठी आयत, सूरह अल-बकराची २८२ वी, उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याविषयीच आहे. रक्कम लहान असो वा मोठी, लिहिण्याचा कंटाळा करू नये आणि साक्षीदार ठेवावेत, ही शिकवण त्यात आहे. नमाज-रोजा सांभाळणारा माणूस व्यवहारात हा हुकूम विसरतो, ही खेदाची गोष्ट आहे.

शासनाची जबाबदारी याने संपत नाही. अंतिम बिल देण्यापूर्वी पोटठेकेदार व मजुरांची देणी चुकती झाल्याचा दाखला मुख्य कंत्राटदाराकडून घेण्याची अट प्रत्येक टेंडरमध्ये हवी. ती येईपर्यंत आपल्या बांधवांनी एवढे तरी करावे: कामाआधी वर्कऑर्डर, दर आठवड्याला मोजमापावर सही, आणि पैसे बँकेतूनच. जो कंत्राटदार सही द्यायला तयार नाही, तो पैसे देईल असे कशावरून मानायचे?