तव्यावरचा हात आणि ब्रेकवरचा पाय

तापलेल्या तव्याला बोट लागले की हात झटकन मागे येतो. ‘भाजले’ हे कळते ते नंतर. त्वचेतील संवेदी चेतापेशी निरोप मेरुरज्जूपर्यंत नेतात, तिथल्या सहयोगी चेतापेशी तो प्रेरक चेतापेशींकडे सोपवतात आणि दंडाचा स्नायू आकसतो. मेंदूच्या हुकमाची वाट पाहिली जात नाही. हीच प्रतिक्षिप्त क्रिया. डॉक्टर गुडघ्याच्या वाटीखाली हातोडी मारून तपासतात ती वाट आणखी आखूड. तिच्यात सहयोगी चेतापेशीही मध्ये नसते.

पावसाळ्यात शनिवार-रविवारी लोणावळ्याकडे निघालेल्या अनेकांना आपला ब्रेकही असाच आपोआप लागतो असे वाटते. ‘माझे रिफ्लेक्स चांगले आहेत’ म्हणत ते पुढच्या गाडीला चिकटून चालवतात. हा गैरसमज महागात पडतो. पुढचे लाल दिवे डोळ्यांनी टिपायचे, मेंदूने त्यांचा अर्थ लावायचा, निर्णय घ्यायचा, मग पाय ब्रेकवर न्यायचा. सवयीने हे काम सफाईदार होते, पण मेंदूला वगळून होत नाही. सावध चालकालाही त्यासाठी साधारण एक ते दीड सेकंद लागतो.

द्रुतगती मार्गावर ताशी १०० किलोमीटर वेगाची गाडी सेकंदाला सुमारे २८ मीटर धावते. म्हणजे दीड सेकंदात ४२ मीटर, तेही ब्रेक लागण्यापूर्वी. गाडी थांबायला लागणारे अंतर त्यापुढचे, आणि ओल्या रस्त्यावर ते वाढते. कामशेतचा बोगदा मागे टाकून खंडाळ्याच्या धुक्यात शिरताना समोरचे ४० मीटरच दिसत असतील, तर या वेगात अडथळा दिसूनही उपयोग नाही.

अपुरी झोप, मद्य आणि हातातला मोबाइल हा दीड सेकंद आणखी लांबवतात. चहाच्या कपाने झोप भरून निघत नाही.

मग करायचे काय? पुढची गाडी एखाद्या खांबापाशी पोहोचली की मोजायला लागा. आपण तिथे पोहोचेपर्यंत किमान तीन सेकंद जायला हवेत. पावसात त्याच्या दुप्पट. धुक्यात वेग इतका कमी ठेवावा की दिसते तेवढ्या अंतरात गाडी थांबेल. मध्ये कोणी घुसले, तर चिडण्याऐवजी पुन्हा अंतर सोडावे. हाताला तव्यापासून वाचवायला मेरुरज्जू आहे. रस्त्यावर मात्र आपल्याला वाचवते ते आपणच राखलेले अंतर.