श्वास एक, शब्द अनेक

खेळाला भाषा नसते, असं आपण सहज बोलून जातो. क्रिकेट, फुटबॉल, बॅडमिंटन यांच्यापुरतं ते खरं असेलही. पण ज्या खेळात बोलणं थांबलं की गडी बाद होतो, त्या खेळाला भाषा नाही असं कसं म्हणावं? आपला हुतूतू हा तसा खेळ. ‘आपला’ म्हटलं खरं, पण याच शब्दावरून मी आठ वर्षांची असताना मोठंच भांडण झालं होतं.

वडील रेल्वेत होते. नागपूरची रेल्वेतली मराठी कुटुंबं तेव्हा बिलासपूर, चक्रधरपूर, खरगपूर अशी फिरत असत. १८८७ साली स्थापन झालेल्या जुन्या बंगाल-नागपूर रेल्वेचाच तो पट्टा, पुढे १९५५ पासून दक्षिण-पूर्व रेल्वे झालेला. आम्ही १९६६ मध्ये खरगपूरला गेलो. रेल्वेचा प्रचंड कारखाना, लाल मुरमाची जमीन आणि ओळीनं क्वार्टर्स. आमच्या उजवीकडे श्रीकाकुलमकडचं तेलुगू कुटुंब, डावीकडे बंगाली, समोर छपऱ्याचे बिहारी. तेलुगू मंडळी इतकी, की आपण बंगालात आहोत हे मुद्दाम आठवावं लागे.

पहिल्याच संध्याकाळी मी ‘हुतूतूतू’ करत मधली रेषा ओलांडली आणि पलीकडची सगळी मुलं हसत सुटली. गडी पकडायचं सोडून कुणी पोट धरून खाली बसलं. त्यांच्या कानांना ते पाखरू हाकलल्यासारखं वाटलं असावं! बंगाल्यांचा शब्द ‘हाडुडू’, तेलुगू मुलींचा ‘चेडुगुडु’, बिहाऱ्यांची ‘कबड्डी’. कुणाचा शब्द खरा यावर अंधार पडेपर्यंत वाद झाला. शेवटी एका बंगाली दीदीनं निकाल दिला, “जिसका जो मन, बोलो. साँस टूटा तो आउट.” खरगपूर सोडेपर्यंत आम्ही त्याच कायद्यानं खेळलो.

गंमत म्हणजे प्रत्येक शब्द दम वेगळ्या तऱ्हेनं खर्च करतो. ‘हु’ म्हणताना छातीतली हवा भसकन जाते, पण पुढे नुसतं ‘तूतूतू’ चालवायचं असल्यानं उरलेली पुरवून वापरता येते. ‘चेडुगुडु’त ओठ मिटावेच लागत नाहीत, जीभ आत घोळत राहते. ‘कबड्डी’ला मात्र ओठ मिटायचे, मग जोडाक्षरावर जीभ आपटायची. हे शास्त्र कुणी शिकवलं नाही. एकमेकींचे शब्द चोरून वापरताना ते आमचं आम्हालाच कळलं. मी तर चढाईला ‘चेडुगुडु’च घेऊ लागले होते. आईला ते फारसं रुचलं नव्हतं.

शब्दांमागून घरंही उघडली. खेळून आलं की डावीकडच्या माशीमांकडे मोहरीचं तेल घातलेल्या मुढी (आपले चुरमुरेच), उजवीकडच्या पिन्नीकडे चिंचेचा पुलिहोरा, आणि आमच्याकडे पोहे. सरस्वतीपूजेच्या दिवशी बंगाली घरात पुस्तकाला हात लावायचा नाही, ती देवीपुढे ठेवायची, म्हणजे दिवसभर खेळायला मोकळीक. हा सण आपल्याकडे का नाही, असं मी आईला दर वर्षी विचारी. मात्र त्या पूजेआधी बोरं खायची नाहीत, हा त्यांचा नियम आम्ही मराठी पोरींनी कधी पाळला नाही. बंगाली घरांतही दोन तट होते. ईस्ट बंगालचा संघ जिंकला की एकाकडे हिलसा, मोहन बागान जिंकला की दुसऱ्याकडे कोळंबी. आम्ही शाकाहारी असल्यानं दोन्ही दिवशी मिठाईवर समाधान मानून निःपक्षपाती राहिलो.

पिन्नीची मुलगी माझ्याहून दोन वर्षांनी मोठी. तिच्यासारखी चढाई करणारी मुलगी मी नंतर पाहिली नाही. वाकून, एक हात जमिनीला लागेल इतका खाली ठेवून ती आत शिरे, आणि निघताना लांब पाय मागे टाकून हमखास एखादा गडी टिपे. ती चौदाव्या वर्षात आली आणि घरात लंगा-ओणीची तयारी सुरू झाली. परकरावर ओणी आली की मैदान बंद, हे तिच्या घरी ठरलेलं. आमच्याकडे, माशीमांकडे तरी वेगळं काय होतं? कारणं तेवढी आपापली. रेल्वे वसाहतींतल्या मुलींचे सामने तोंडावर आले होते. आई पिन्नीकडे गेली आणि आपल्या नागपुरी हिंदीत म्हणाली, “बहनजी, ओढणी कहाँ भागी जाती? मैच हो जाने दो.” पिन्नीनं मुलीला परवानगी दिली आणि आयुष्यात पहिल्यांदा स्वतःही खेळ पाहायला आली.

ते १९७० साल. सामन्यात शब्द ‘कबड्डी’च हवा, हे आम्हाला आठवडाभर आधी बजावलं होतं. शेवटची मिनिटं उरली होती आणि आम्ही एका गुणानं मागे. ती ‘कबड्डी कबड्डी’ करत आत गेली, दोघींना शिवली, परतताना तिसरीनं घोटा धरला. त्या ओढाताणीत तिच्या तोंडून आलं, चेडुगुडु चेडुगुडु. तिचा हात रेषेला लागला तोवर दम अखंड होता. पंचांनी शिट्टी वाजवून चढाई रद्द केली. सामना गेला.

पंचांचं काही चुकलं नाही. एका श्वासात, स्पष्ट आणि मोठ्यानं ‘कबड्डी’ हाच शब्द म्हणायचा, असा नियमच आहे. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळानं १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी देशी खेळ दाखवले, १९९० मध्ये बीजिंगच्या आशियाई स्पर्धेत कबड्डी आली, २०१० पासून तिथे स्त्रियाही खेळू लागल्या. इतका लांबचा पल्ला गाठायचा तर सर्वांना एक शब्द हवाच. हे मला पटतं. तरीही जीव कासावीस झाला की माणसाच्या तोंडी कुठला शब्द येतो, याचा विचार नियम करणाऱ्यांनी थोडा करायला हवा होता, असं मला आजही वाटतं.

पिन्नीला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. घरी परतताना ती आईला एवढंच विचारत होती, “लडकी चुप तो नहीं हुई. फिर क्यों निकाला?” आईनं समजावल्यावर ती गप्प झाली.

दुसऱ्या दिवशी पहाटे आमच्या भिंतीपलीकडून ‘कबड्डी कबड्डी’ ऐकू येऊ लागलं. पिन्नी गजराचं घड्याळ पुढ्यात घेऊन ओसरीवर बसली होती आणि तेलुगूत मोजत होती, ओकटी, रेंडु, मूडु, नालुगु... पहिल्या दिवशी दम लवकर तुटला. रोज हेच. दसऱ्याला लंगा-ओणी आली, ती मुलीनं कमरेला खोचली आणि मोजणं पुढे चालू राहिलं.

पुढच्या सामन्यांच्या आधीच आमची बिलासपूरला बदली झाली. काही आठवड्यांनी तिचं पोस्टकार्ड आलं, तेलुगूत लिहिलेलं. मला तेलुगू बोलता येतं म्हणजे वाचताही येत असणार, अशी तिची समजूत! वडिलांनी ते ऑफिसात नेऊन एका तेलुगू सहकाऱ्याकडून वाचून आणलं. जिंकलो, तीन गडी बाद केले, अम्मा आली होती, शब्द बरोबर म्हटला.