मान दुखतेय? आधी कंबर बघा!

मान अवघडली, की आपण मानच चोळत बसतो. काही कायरोप्रॅक्टर मात्र सुरुवात पेल्व्हिसपासून करतात, म्हणजे चक्क कमरेच्या हाडांपासून! लॉजिक सोपं आहे. खुर्चीत पुढे घसरलो, की पेल्व्हिस मागे कलतो, पाठीला बाक येतो आणि स्क्रीन बघायला मान पुढे काढावी लागते. वर डोक्याचं ४-५ किलोचं ओझं! पण कंबर दाबून मान मोकळी होते, याचे पुरावे अजून तुटपुंजेच आहेत. म्हणून मी फुकटचा उपाय करते. बूड पार मागे टेकवायचं, अर्ध्या तासाने उठायचं. मानेला ‘कट्कन’ झटका मात्र कुणालाही देऊ देत नाही. क्वचित मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीला इजा होऊ शकते. आणि हाताला मुंग्या येत असतील, तर सरळ डॉक्टर गाठा, बॉस!