मनाची वेठ

दिवाळीच्या फराळाशी वाद घालू नये, असा आमच्या घरचा दंडक आहे. तो मी गेल्या साली मोडला आणि यंदा या पानांवर पुन्हा मोडतो आहे. निमित्त झाले एका कपाळपट्टीचे. माझा भाचा बोईसरच्या औद्योगिक वसाहतीत इंजिनिअर आहे. चकली मोडता मोडता तो म्हणाला, "मामा, आता कीबोर्ड संपला, मोबाइलही संपणार. नुसते मनात आणले की यंत्र ऐकेल. आणि कारखान्यात प्रत्येकाच्या कपाळाला पट्टी बांधली की कोण डुलक्या घेतो, कुणाचे लक्ष कामावर नाही, हे ऑफिसात बसून दिसेल." ताईने लगेच विचारले, "आपल्या बंड्याच्या अभ्यासाला मिळेल का रे एखादी?" सगळे हसले. मला हसू आले नाही. का आले नाही, ते सांगतो.

प्रथम एक गोष्ट कबूल करून टाकतो, म्हणजे मला कुणी यंत्रांचा वैरी म्हणणार नाही. ज्याचे हातपाय गेले, वाचा गेली, त्याला मेंदूतून थेट संगणक चालवता आला, तर त्या विद्येला माझा दंडवत. पोहताना झालेल्या अपघाताने मानेखालचे शरीर लुळे पडलेल्या एका अमेरिकन तरुणाच्या मेंदूत न्यूरालिंक कंपनीने २०२४ च्या जानेवारीत केसाहून बारीक तंतू बसवले आणि मार्चमध्ये जगाने त्याला नुसत्या विचाराने बुद्धिबळ खेळताना पाहिले. त्यातले बरेच तंतू काही आठवड्यांतच मागे सरकले, तरी त्याला तो सौदा महाग वाटला नाही. वाटू नयेच. पण माझा भाचा काही लुळा नाही. बोटाने होणाऱ्या कामासाठी धडधाकट माणसाने कवटीला भोक का पाडून घ्यावे? घरातला मिक्सर बिघडला तर मोडीत देता येतो, डोक्यातला कुणाला देणार? डोळ्यांत बसवायचे यंत्र करणाऱ्या सेकंड साइट या अमेरिकन कंपनीने ते करणे २०१९ मध्ये थांबवले, तेव्हा ज्यांच्या डोळ्यांत ते आधीच बसले होते त्यांनी दुरुस्तीसाठी कुणाचे दार ठोठवावे, हा प्रश्नच पडला.

यावर भाचा म्हणतो, "भोक कशाला? पट्टी तर बाहेरूनच बांधायची." ठीक. मग ती पट्टी काय ऐकते ते पाहू. जर्मनीत हान्स बर्गर या डॉक्टराने १९२४ साली माणसाच्या मेंदूतील विजेचा आलेख प्रथम टिपला आणि १९२९ साली तो जगापुढे ठेवला. ही वीज कवटीबाहेर पोहोचेपर्यंत एका व्होल्टाच्या दहा हजाराव्या ते लाखाव्या भागाएवढी उरते. पापणी लवली, जबडा आवळला, तरी तिच्यावर मात होते. सातपाटीच्या बंदरावर मासळीचा लिलाव चालला असावा आणि आपण भिंतीपलीकडे उभे राहून कान द्यावा, तसा हा प्रकार आहे. गलका वाढला की कमी झाला, एवढे समजते. कोणत्या कोळणीने कोणते पापलेट कितीला दिले, ते समजत नाही.

"मग भ्यायचे कशाला?" असे कुणी विचारील. अहो, भ्यायचे ते याचसाठी! अर्धवट ऐकणाऱ्या साक्षीदाराला देवाचा कौल मानले, की निरपराध फासावर जातो. ही कल्पनेतली भीती नाही. २००८ च्या जून महिन्यात पुण्याच्या न्यायालयाने एका खुनाच्या खटल्यात शिक्षा ठोठावताना मेंदूच्या विद्युत्-आलेखाची चाचणी पुराव्यात धरली. आरोपीच्या डोक्याला तारा लावून तिला घटनेची वाक्ये ऐकवली आणि मेंदूतील खुणांवरून तिला त्या कृत्याचा 'अनुभव' आहे असे ठरवले. जगातल्या शास्त्रज्ञांनी भुवया उंचावल्या. पुढे ५ मे २०१० रोजी सर्वोच्च न्यायालयाने सेल्वी खटल्यात निकाल दिला, की संमतीवाचून अशी चाचणी कुणावर लादता येणार नाही, तो माणसाच्या स्वातंत्र्यावरचा घाला आहे. म्हणजे आज खुनाच्या आरोपीच्या मनाभोवतीही कायद्याचे कुंपण आहे. माझा प्रश्न साधा आहे. जे कुंपण आरोपीला मिळाले, ते तारापूरच्या रंगाच्या कारखान्यात पाळी करणाऱ्या कामगाराला का नको?

येथे संमतीचा मुद्दा पुढे येतो. पट्टी बांधायची की नाही, हे कामगार आपल्या खुशीने ठरवील, असे सांगतात. कंत्राटदाराच्या दारात पहाटे उभ्या राहणाऱ्या माणसाच्या खुशीची किंमत काय, हे बोईसर स्टेशनावर पहिल्या पाळीच्या वेळी अर्धा तास उभे राहिलात तर कळेल. कायद्याकडे पाहावे तर २०२३ साली संसदेने वैयक्तिक माहितीच्या रक्षणाचा कायदा केला, पण त्याच्याच सातव्या कलमात नोकरीच्या कामासाठी आणि मालकाचे नुकसान टाळण्यासाठी संमतीवाचून माहिती वापरण्याची वाट ठेवली. एवढ्या वाटेतून बैलगाडी जाईल, पट्टी तर सहज जाईल. चिली या देशाने मात्र २०२१ साली आपल्या घटनेतच मेंदूतील माहितीचे रक्षण लिहून ठेवले.

आता विरोधकांचा सर्वांत बळकट मुद्दा घेतो, कारण दुबळ्या मुद्द्याशी लढण्यात पुरुषार्थ नाही. रासायनिक कारखान्यात एक डुलकी म्हणजे आग, स्फोट, मृत्यू. आमच्या भागाने अशा बातम्या पुष्कळ वाचल्या आहेत. पट्टीने डुलकी आधी कळली तर जीव वाचतील. ऑस्ट्रेलियातील खाणींत ट्रक चालवणाऱ्यांना अशा टोप्या दिल्याही गेल्या आहेत. मान्य. पण डुलकी का लागते, हे ती टोपी सांगते काय? लागोपाठ दोन पाळ्या केलेल्या माणसाला झोप येते, हे समजायला विजेचे यंत्र कशाला हवे? २०२५ च्या सप्टेंबरात राज्याच्या मंत्रिमंडळाने कारखान्यातील दिवसाच्या कामाची मर्यादा ९ वरून १२ तासांवर नेण्यास मान्यता दिली. आधी झोप काढून घ्यायची आणि मग झोप येते म्हणून कपाळाला पहारेकरी बांधायचा, याला सुरक्षितता म्हणत नाहीत.

खरी सुरक्षितता पाहायची तर तीही आमच्याच तालुक्यात आहे. तारापूरच्या अणुवीजकेंद्रातून २८ ऑक्टोबर १९६९ पासून व्यापारी तत्त्वावर वीज मिळू लागली. तेथे किरणोत्सर्गाच्या भागात जाणाऱ्याच्या छातीवर एक लहानसा बिल्ला असतो. त्याच्या अंगावर किरणांची किती मात्रा पडली, ते त्या बिल्ल्यावरून मोजतात. मात्रेला मर्यादा आहे : पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसीव्हर्ट, आणि कोणत्याही एका वर्षात ३०. बिल्लाही अंगावरच असतो आणि पट्टीही अंगावरच. फरक एवढाच, की बिल्ला कामगाराच्या वतीने कारखान्याची झडती घेतो आणि पट्टी कारखान्याच्या वतीने कामगाराची. यंत्र कोणतेही असो, ते कुणाच्या वतीने कुणाला मोजते, हे आधी विचारावे. माझ्या भाच्याला हा प्रश्न कॉलेजात कुणी शिकवला नाही, यात त्याचा दोष नाही.

ताईच्या बंड्याचे उत्तरही यातच आले. चीनमधील जिन्हुआ येथील एका प्राथमिक शाळेत मुलांच्या कपाळाला अशा पट्ट्या बांधल्या होत्या. त्यांवरच्या दिव्याचा रंग बदलला की मुलाचे लक्ष उडाले हे वर्गाला दिसे आणि नोंद मास्तरांच्या संगणकावर जाई. २०१९ साली त्याची चित्रे बाहेर आली, लोक खवळले आणि तो प्रयोग थांबवावा लागला. मी लहानपणी गणिताच्या तासाला खिडकीबाहेरच्या चिंचेकडे पाहत असे. गणित कच्चे राहिले खरे, पण आज चार ओळी लिहितो त्या त्या चिंचेच्या झाडाखालच्या आहेत.

आमच्या या जिल्ह्याला वेठीचा इतिहास आहे. सावकार-जमीनदारांच्या शेतावर वारली माणूस बिनमजुरी राबत होता. १९४५ च्या मे महिन्यात तलासरी भागातील झरी येथे तो सभेला जमला आणि गोदावरी व शामराव परुळेकरांच्या साथीने त्याने वेठ नाकारली. पण त्या काळ्या दिवसांतही जमीनदाराने विकत घेतली ती पाठ आणि हात. रात्री कुडाच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चित्र काढणाऱ्याच्या मनात काय होते, ते सावकाराच्या वहीत लिहिलेले नव्हते. एवढी एक खोली त्या गरिबाच्या मालकीची होती, म्हणून तर पुढे तो उठून उभा राहिला. ती खोली आता भाड्याने देऊ नका, एवढेच माझे म्हणणे आहे.

तेव्हा मागणी स्पष्ट सांगतो. आजाऱ्याला ही विद्या सरकारी इस्पितळातून मिळो. हौसेने कुणी घरी पट्टी बांधून खेळला तर खेळो, त्याची नोंद त्याचीच राहो. पण मालकाने कामगाराला किंवा शाळेने मुलाला ती बांधायला सांगणे हा गुन्हा ठरावा, संमती असो वा नसो. आणि असा कायदा पट्ट्यांची पहिली पेटी बोईसर स्टेशनावर उतरण्यापूर्वी व्हावा, नंतर नव्हे.

आपल्याकडे 'मनातले मांडे' म्हणून दिवास्वप्नांची टिंगल करतात. मी मात्र त्या मांड्यांच्या बाजूने उभा आहे. यंत्राशी उभा असलेला माणूस घटकाभर घरच्या कंदिलाची, पोरीच्या नव्या परकराची आठवण काढतो. काम चालूच असते, हात चुकत नाहीत. तेवढा एक मांडा त्याला खाऊ द्या. भाचा यंदा फराळाला यायचा आहे, त्याला हा लेख आधी वाचायला देणार आहे. चकली नंतर.