औषधाचा हिशेब

शेतकरी कीटकनाशकाला ‘औषध’ म्हणतो. बँकेत असताना पीककर्जाच्या कागदांवर मीही बियाणे, खत, औषध असेच लिहीत आलो. फवारणाऱ्याच्या हातमोज्यांचा खर्च मला तेव्हा कधी सुचला नाही. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने सुमारे २० शेतकरी-शेतमजूर दगावले. त्या वर्षी कपाशी डोक्याला लागेल इतकी वाढली होती. वर मारलेला फवारा अंगावरच येई. बराचसा दोष मात्र संरक्षक साधने न वापरणाऱ्यांवर ढकलला गेला. विदर्भातल्या दमट उकाड्यात तो पोशाख एकदा साहेबांनीच घालून पाहावा! संध्याकाळी मजूर भिजलेल्या कपड्यांनिशी घरी येतो. बायको ते हाताने धुते, आणि त्याच न्हाणीत पोरे आंघोळीला बसतात.